फॅव्हिओलेट खांब

मीरासाब मिस्त्री पस्तीस वर्षं गिलावा करत आले होते. माणूस तापट, पण रागातसुद्धा त्यांची थापी कधी वाकडी चालली नाही. त्या सकाळी मात्र कसबा बावड्यातल्या सात मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये त्यांनी थापी घमेल्यात फेकली.

गिलावा करायचा म्हणून त्यांनी एका खांबाभोवती गुंडाळलेली ओली पोती सोडली, तर गुडघ्याच्या उंचीवर काँक्रीटची चाळण झालेली. खडी उघडी, मधे मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. छन्नी घातली तर बोटभर आत गेली आणि सळीवर टक्कन वाजली. भरताना काँक्रीट नीट ठासलंच नव्हतं.

"मिस्त्री, वरनं हात मारून घ्या की," साइट इंजिनिअर विश्वजित म्हणाला. "रविवारी फ्लॅटवाले बघायला यायलेत."

"सायेब, ह्यो खांब हाय का पोळं? आदी फोडा, सळ्या साफ करा, नीट भरा. मग गिलावा."

विश्वजितनं फाईल पुढे केली. "खांबांच्या तपासणीचा रिपोर्ट आधीच आलाय. 'पृष्ठभाग फॅव्हिओलेट, दोष केवळ दर्शनी.' शास्त्रीय शब्द आहे. तुम्हाला नाही कळायचं."

मीरासाबांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. "सळ्या दिसायल्यात ते तरी कळतंय न्हवं मला? लिवून द्या त्यो शब्द."

सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर लिहून घेतलेला तो शब्द खिशात घालून ते तडक मंगळवार पेठेत घरी आले. मुलगी शिफा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. कागद बघून ती चकित झाली.

"अब्बा, हा तर आमच्या पुस्तकातला शब्द! लॅटिनमध्ये फाव्हस म्हणजे मधाचं पोळं."

तिनं स्वयंपाकघरातून चिमूटभर खसखस आणली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. प्रत्येक दाण्यावर इवले इवले खळगे, एकाला एक लागून.

"हे असं असलं की फॅव्हिओलेट म्हणायचं. बी झडलेल्या सूर्यफुलाच्या तबकडीला म्हणतात, परागकणांना, काही प्रवाळांना. खांबाला म्हटलेलं मी तरी कुठं वाचलं न्हाय."

"म्हंजे मी म्हटलं तेच की! पोळं!"

"तेच. फक्त कुणाला कळू नये असं लिहिलंय."

मीरासाबांनी भिंग खाली ठेवलं. दोष असतात, माणसं चुकतात, हे त्यांनी पस्तीस वर्षांत पुष्कळ पाहिलं होतं. पण चुकीला कोणी असे इस्त्रीचे कपडे घालून मिरवावं? तेही त्या इमारतीच्या पोटाखाली गाड्या लावणाऱ्यांसमोर?

शनिवारी दुसऱ्या गवंड्याकडून खांब झाकून घेतला गेला. रविवारी मीरासाब बोलावल्याशिवाय तिथे जाऊन उभे राहिले. बिल्डर विजयसिंह लोकांना लिफ्ट दाखवत होते.

"मंडळी, लिफ्ट मागनं बघा. ह्यो खांब बघा आदी," मीरासाब गरजले. "ह्या गिलाव्याखाली सळ्या उघड्या हायत."

"अहो पावणं, गवंड्याचं काय ऐकतासा?" विजयसिंह हसले. "रिपोर्ट हाय आमच्याकडं."

"रिपोर्टात पोळं लिवलंय! पोरीनं अर्थ सांगितलाय. सात मजलं पोळ्यावर उभं केलंयसा, आणि लोकास्नी लिफ्ट दावतासा?"

गर्दीत फ्लॅट घेतलेल्या नेसरीच्या बायडाबाई होत्या, निवृत्त नर्स. त्या खांबासमोर येऊन थांबल्या. "फोडा तो गिलावा. माझ्यादेखत. तवर मी हलत न्हाय."

विजयसिंहांचा चेहरा उतरला. मीरासाबांनी छन्नी लावली. चार घावांत ओला गिलावा खाली आला आणि आतली गंजू लागलेली सळी सगळ्यांनी पाहिली. कुणीतरी फोटो काढले. लोकांनी स्वतःचा इंजिनिअर आणला, त्याला आणखी दोन खांब तसलेच सापडले. विजयसिंहांना तिन्ही फोडून, भरून, भोवती नवं काँक्रीट चढवावं लागलं.

त्या साइटवर मीरासाबांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. आणखी दोन ठेकेदारांनी फोन उचलणं बंद केलं. महिन्याभरानं विश्वजित भाजी मंडईत भेटला. खाली मान घालून म्हणाला, "मिस्त्री, तो शब्द माझा नव्हता. वरनं आला होता."

"शब्द वरनं आला आसंल. खांब तर तुमच्या म्होरंच हुता की," मीरासाब म्हणाले. "तवा तोंड का उघडलं न्हाईसा?"

मीरासाबांनी पिशवी खांद्याला लावली आणि राग न गिळता ते तसेच पुढे निघून गेले.