नाका आला की एक डोस

"डॉक्टर, गांजा लिहा आणि मोकळे व्हा," फौजदार म्हणाले.

दुपारचे दोन वाजले होते. आमच्या सरकारी दवाखान्याच्या बाकावर ट्रक ड्रायव्हर राजय्या बसला होता. बाहेर व्हरांड्यात भीमाबाईचं प्रेत ठेवलेलं होतं. ती मासे घेऊन बाजाराला निघाली होती आणि राजय्याच्या ट्रकनं तिला मागून उडवलं होतं. तिचा नवरा मासळीची टोपली मांडीवर घेऊन भिंतीला टेकला होता. टोपली खाली ठेव, असं त्याला सांगायचा कुणाला धीर होईना.

ही गोष्ट पन्नास-बावन्न सालची. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि गडचिरोली त्यातच. जंगलात हिवताप घरोघरी. मी नवा मेडिकल ऑफिसर, नोकरी अजून टेम्पररी.

ड्रायव्हर नशेत आहे की नाही हे पाहायला पोलिसांकडे तेव्हा यंत्रबिंत्र नव्हतं. फौजदार साताऱ्याकडचे, माणूस सरळ, पण भारी उतावीळ. त्यांनी रस्त्यावरच धुळीत काठीनं रेघ ओढली आणि राजय्याला तिच्यावरून चालवलं. तो झोकांड्या खात गेला. बोटानं नाकाचा शेंडा दाखव म्हटलं, तर बोट गालावर गेलं. प्रश्न विचारले की "काय? काय?" एवढंच. दारूचा वास नाही, म्हणजे गांजा. त्यांच्या दृष्टीनं निकाल लागला होता.

मी तपासलं. अंगात ताप, हिवतापानं वाढते तशी पोटातली पानथरी वाढलेली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं. त्याच्या खिशातून औषधाची बाटली निघाली. ती आमच्याच दवाखान्यातली होती आणि रिकामी होती.

मी बाटली उजेडाकडं धरून पाहिली.

सकाळी त्याला मीच तपासलं होतं. हिवतापावर क्विनाइनचं मिक्श्चर दिलं होतं, चार डोस. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली होती. चार-चार तासांनी एक घे म्हटलं, तर तो हसला. त्याच्याकडं घड्याळ कुठलं?

फौजदारांना मी बाहेर जायला सांगितलं. ते कुरकुरत गेले. मी राजय्याच्या कानाशी तोंड नेलं.

"सगळं औषध एकदम का प्यायलास?"

"एकदम नाई पेलो, सायेब. तुमीच म्हनले ना, नाका आला का एक घे. चार नाके आले, चार घेतले. मंग कानात शिट्टी वाजून राह्यली. रस्ता धुरकट दिसे. बाई मले दिसलीच नाई."

खरंच, मीच म्हटलं होतं. जंगलखात्याच्या प्रत्येक नाक्यावर मालाचा पास तपासत, बांबू मोजत. भरलेला ट्रक एका नाक्यावरून दुसऱ्यावर जायला चार तास सहज घेई. माझ्या डोळ्यांपुढे भरलेला ट्रक होता. पण सकाळी तो बांबू भरायला निघाला होता, म्हणजे रिकामा. रिकाम्या ट्रकला नाकेदार हात हलवून सोडतात. चारही नाके त्यानं दोन-अडीच तासांत ओलांडले. दिवसभराचं क्विनाइन एवढ्या थोड्या वेळात पोटात गेलं की कान बंद होतात, नजर अंधुक होते, तोल जातो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्याला मात्र गाडी चालवू नको असं एका शब्दानं म्हणालो नव्हतो.

"राजय्या, नीट ऐक. तुझ्यावर खटला होईल. पोलिसांपुढं कबुली दिलीस तरी ती कोर्टात चालत नाही. वकील मागायचा तुला हक्क आहे. आणि स्वतःविरुद्ध बोलायची तुला कुणी सक्ती करू शकत नाही. कळलं?"

त्यानं मान हलवली. मग विचारलं, "तुमाले काही होईन का, सायेब?"

मी सर्टिफिकेटाचा कागद पुढं ओढला.

सर्टिफिकेटात लिहिलं: ताप आहे, क्विनाइन जास्त झालं आहे, गांजा किंवा दारूचं लक्षण नाही. जास्त का झालं, ते लिहिलं नाही. कुणी विचारलंच तर सांगू, अशी मनाची समजूत घातली. फौजदारांनी कागद वाचला. "अहो डॉक्टर, तुम्ही वकिली कधीपासून सुरू केली?" म्हणाले आणि गेले.

खटला चांद्याला चालला. शपथेवर खरं आणि सगळं सांगीन असं म्हणून मी साक्ष दिली. माझ्या साक्षीवर नशेचा आरोप गळाला. क्विनाइन जास्त का झालं, ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मॅजिस्ट्रेटनी राजय्याला विचारलं, "बाटलीवर खुणा असताना चार डोस इतक्या लवकर का घेतले? उत्तर द्यायची सक्ती नाही."

राजय्यानं माझ्याकडं पाहिलं. मी समोरच्याच बाकावर होतो. उठून दोन वाक्यं बोललो असतो तर पुरे होतं.

"मले काही सांगाचं नाई," तो म्हणाला.

सांगितल्यापेक्षा जास्त औषध घेऊन बेफिकिरीनं गाडी चालवली, म्हणून वर्षाची कैद झाली आणि लायसन गेलं. शिपाई त्याला नेत असताना तो माझ्यापाशी थांबला. "कान आता ठीक हाय, सायेब. भीमाबाईच्या घरी एक डाव जाऊन या माह्याकडून."

मी गेलो. तिचा नवरा जाळं विणत बसला होता. त्यानं मला बसायला पाट दिला. त्यालाही मी काही सांगितलं नाही.

महिन्याभरात माझी नोकरी कायम झाली. पुढं तीस वर्षं औषध देताना प्रत्येकाला विचारत आलो: काम काय करतोस, वेळ कशावरून ओळखतोस? चांगली सवय आहे, नव्या डॉक्टरांनी लावून घ्यावी. पण गप्प राहायचा हक्क आरोपीला असतो, साक्षीदाराला नाही. त्या दिवशी कोर्टात साक्षीदार मी होतो.