एका वेळी एकच माणूस

मला मेलीला बर्फाची भीती कधी वाटलीच नव्हती. घसरून पडू, फार तर हात मोडेल, एवढीच काय ती काळजी. २००६ च्या मार्चमध्ये कोलोरॅडोत मी, नवरा आणि आमचे शेजारी काका डोंगरात फिरायला निघालो. काकांनी तिथले तीस हिवाळे काढलेले. निघण्याआधी त्यांनी आमच्या प्रत्येकाच्या सॅकमध्ये एकेक जोडायचं फावडं कोंबलं आणि हिमस्खलनाचा अंदाज फोनवर ऐकला.

"आज धोका मॉडरेट आहे."

"मॉडरेट म्हणजे ठीकच की!" नवरा म्हणाला. सह्याद्रीतले किल्ले चढून चढून त्याला कुठलाही डोंगर आपलाच वाटायचा.

"ठीक समजून गेलेल्यांनाच बर्फातून उकरावं लागतं," काका म्हणाले.

बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांना स्नोशूज बांधून दोनेक तास चाललो. एका सपाट माळावर पायाखालून 'धप्प' असा आवाज आला आणि आख्खा माळ बोटभर खाली बसला.

"बर्फाचा खालचा थर कच्चा आहे, वरचा कधीही घसरेल. परत फिरा." नवऱ्याचं "जरा पुढपर्यंत तरी, काका" त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

परतताना एक उतार आडवा ओलांडायचा होता. सकाळी तो साधाच वाटला होता. आता वाऱ्यानं त्यावर ताजा बर्फ आणून थापला होता. दुसरी वाट नव्हती. मी सवयीनं नवऱ्याचा हात धरला. अवघड जागी हात सोडायचा नाही, हेच आम्ही ट्रेकला शिकलो होतो.

"हात सोड!" काका खेकसले. "एका वेळी एकच. दोघं गाडले गेलात तर उकरायचं कोणी?"

असा राग आला मला! असं कोणी तोंडावर बोलतं का?

काका पलीकडे गेले. मग मी. पन्नासेक पावलं असतील, पण प्रत्येक पावलाला वाटे, आता तो आवाज येणार. मागून नवरा एक अक्षर बोलेना. नुसतं 'सांभाळ' म्हणायला काय जात होतं याचं?

पोचून वळले. तो सॅकमधलं फावडं जोडून उभा होता, डोळे माझ्यावर खिळलेले. इतकं घाबरलेलं मी त्याला कधीच बघितलं नव्हतं.

फावडं सॅकला अडकवून त्यानं उतारावर पाय ठेवला.

"आता तुझं काढ," काका हळूच म्हणाले. "त्याच्यावरची नजर हलवू नकोस."

मी फावडं धरून उभी राहिले. तो मधोमध आला आणि थांबला. का थांबला, देव जाणे. वर तुटका पाइन, खाली काळा खडक. मी जागा पाठ करत होते, आपल्याच नवऱ्याला कुठून उकरायचं ती.

तो चालू लागला. पोचला. माझ्या हातातलं फावडं काढून घ्यायला त्याला माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली.