उजवीकडून सुरू केलेली पाटी

आमचे हे परभणीत पाट्या रंगवायचे. निजामाच्या राज्यात पाट्या सगळ्या उर्दूत, आणि ह्यांचा हात एका उस्तादाकडं तयार झालेला. नागरी वाचता यायची, पण कुंचला धरला की हात उजवीकडून डावीकडंच जायचा. आधी खडूनं आखून घ्यायची सवय उस्तादानं लावलीच नव्हती. आखतो तो कच्चा, असं त्याचं म्हणणं.

ते राज्य गेलं आणि पाट्या मराठीत करायचा हुकूम आला. मोटारस्टँडवरची गावाच्या नावाची मोठी पाटी ह्यांना मिळाली. ती जमली तर पुढची कामं ह्यांची, नाहीतर घरी बसायचं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण नाव लिहायचं कसं? उर्दूत ण नाही, म्हणून जुने कारकून म्हणत, परभनीच लिहा. देवळातला गुरव म्हणे, ही पुरातन प्रभावती नगरी, तेच लिहा. मास्तर परभणीवर अडून बसले. बोलणारे छप्पन, कुंचला मात्र एकाच्या हातात. शेवटी कचेरीतल्या साहेबांनी परभणी ठरवलं.

"आवो, आधी आखून घ्या," मी म्हणाले.

"तू मला शिकवायलीस काय?"

ह्यांनी सवयीनं उजव्या टोकाला णी काढली. काय डौल होता तिला! मग भ आणि र, तसेच ऐसपैस. प-ला जागाच उरली नाही, तो कडेला चेंगरून उभा. स्टँडवरची माणसं हसली. मला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त ह्यांचा.

साहेबांनी पाटी पुसायला लावली आणि नगरकडचा एक पेंटर बोलावला. ह्यांनी आता फक्त फळ्या घासायच्या, पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा. अक्षरं त्यानं काढायची. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "हात लय चांगला हाय त्याचा." शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढं काही वर्षांनी लेकीचं लग्न ठरलं. आमच्याकडं लग्नघराच्या दाराशी भिंतीवर गणपती काढतात, खाली नवरानवरीची नावं.

"आपल्या दाराला तरी तुमीच लिवा," मी म्हणाले.

ह्यांनी भिंतीला पांढरा हात दिला, वाळू दिला, आणि वहाणा घालून त्या पेंटरला बोलवायला गेले.