नजरेसमोरची धार

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाईक पेला पुढं करतं, गवळी उकिडवा बसतो आणि धार थेट पेल्यात पडते. दुधात पाणी आहे का, हे विचारायची गरजच नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? आकारामनं चौतीस वर्षं असंच दूध विकलं आणि त्याच्या स्वभावालाही तीच खोड लागली. डोळ्यांसमोर झालं तेवढं खरं, बाकी सगळं पाणी.

पण दिवसातून दोनदा उकिडवं बसून त्याचा उजवा गुडघा कामातून गेला. बसायला जमायचं, उठायला जमेना. मग तो हरणी म्हशीचा मागचा पाय धरून, दातओठ खात उठायचा. हरणी गुणाची. धार संपली की त्याचा हात लागायच्या आधीच ती पाय रोवून उभी राहायची. मधे एका तेलवाल्यानं त्याला चार बाटल्या खपवल्या. गुडघ्याला नुसता वास लागला. शेवटी एका डॉक्टरनं सांगितलं, गुडघा बदला, चालाल झकास, पण उकिडवं बसणं कायमचं बंद.

"मग काय, उभ्यानं धार काढू व्हय?" घरी येऊन तो बायकोवर, शालूबाईवर, ओरडला. ओरडला कारण घाबरला होता. कट्ट्यावर बसणं सोडलं तर आपण उरतो कोण, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

शालूबाईनंच त्याला शाहूपुरीतल्या अनुजा डॉक्टरांकडे ओढून नेलं. त्यांनी गुडघ्याचे एक्स-रे फोटो बघितले आणि समजावून सांगितलं. कमरेच्या हाडातला मगज सुईनं काढायचा, यंत्रात फिरवून त्यातला कामाचा भाग वेगळा करायचा आणि तो गुडघ्यात सोडायचा. "खात्री देत नाही. काहींना गुण येतो, काहींना नाही. सांधा पुरता झिजला असता तर मीच नको म्हटलं असतं."

"म्हंजे घुसळून लोणी काढनार म्हना की."

"तसंच समजा."

"मग ते माझ्यासमूर काढायचं. आत न्हेऊन काय मिसळताय कुनाला ठावं?"

शालूबाई लाजेनं अर्धी झाली. "अवो, डॉक्टर हायत त्या! भेसळवाल्या न्हाईत!"

डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत. ठरल्या दिवशी त्यांनी यंत्र त्याला दिसेल असं ठेवलं. कंबर बधिर केली होती. आकाराम पालथा पडून, मान वाकडी करकरून बघत राहिला. सुईतून लालभडक मगज आला, नळी गरगर फिरली, थर वेगळे झाले. नळीवरचं आपलं नाव त्यानं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "हां. आता सोडा गुडघ्यात."

पुढं तीन महिने उकिडवं बसायची बंदी. कट्ट्यावर शालूबाई बसली, पण हरणीनं दोन दिवस पान्हाच चोरला. शेवटी आकाराम काठी टेकत तिच्या तोंडापाशी जाऊन उभा राहू लागला, तेव्हा कुठं बाईसाहेब दूध सोडायला लागल्या.

ठणका हळूहळू कमी झाला, तरी त्याच्या मनातली धाकधूक काही जाईना. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी दवाखान्यातल्या खाटेला धरून त्याला बसवलं, उठवलं. "उद्यापासून एकच म्हैस. जास्त शहाणपणा नको." आकाराम मान हलवून बाहेर आला, पण कट्ट्यावर खाट कुठली?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हरणीच्या कासेशी बसला. पहिला पेला फेसानं भरला, दुसरा भरला. शेजारची दुधाची चरवीही भरत आली. शालूबाई दोन पावलांवर हात पुढं करूनच उभी होती. धार संपली. आकारामनं श्वास धरला आणि उठला. गुडघा किंचित कुरकुरला, एवढंच. काही न धरता, चरवी हातात घेऊन तो सरळ उभा होता.

"उठलासा की वो!" शालूबाईचे डोळे भरून आले. आकारामला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं.

हरणी मात्र जुन्या सवयीनं पाय रोवून तशीच त्याच्या हाताची वाट बघत होती. त्यानं चरवी शालूबाईकडे दिली आणि त्या पायावर हात फिरवला.

"ढिला सोड आता, बाई. उठलोय मी."