आधी सांगून टोचायचं

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात हॉर्न वाजवत होती आणि माझे वडील, अण्णा, एका तान्ह्या पोरीचे कान टोचत होते. कराडला घराच्या पुढच्याच खोलीत आमचं सोनाराचं दुकान. कान सोनारानेच टोचावेत ही म्हण आमच्या घरी म्हण नव्हती, तो आमचा धंदा होता. सुहास, माझा नवरा, दोन महिने आधीच सॉफ्टवेअरच्या नोकरीवर बेसिंगस्टोकला पोचला होता. मी एकटीच निघाले होते.

अण्णांना विमानाची घाई नव्हती. पोर तिच्या मामाच्या मांडीवर. अण्णांनी तिच्या कानाची पाळी चिमटीत धरली, चोळून चोळून ऊन केली आणि मामाला विचारलं, "काय पाव्हणं, ऊस गेला का कारखान्याला?" मामा कारखान्याच्या नावाने बोटं मोडायला लागला, पोर त्याच्या हलत्या मिशा बघायला लागलं, आणि तेवढ्यात तार आरपार! पोरीने भोकाड पसरलं तेव्हा अण्णा तारेला पीळ देत होते.

"आता टोचतो असं कधी म्हणायचं नाही," ते नेहमी म्हणत. "म्हटलं की मान आखडते. मान आखडली की पाळी पळते."

मग हात पुसत ते टॅक्सीपाशी आले. मी आत बसले होते, निरोपाचं भाषण तयार होतं, डोळे भरायच्या बेतात होते. अण्णा म्हणाले, "पोरी, पासपोर्ट कुठं ठेवलायस? बघू." मी पर्समध्ये मुंडकं घातलं. दार धाडकन लागलं, टपावर थाप पडली, "जाऊ द्या!" मान वर केली तोवर टॅक्सीने कोपरा ओलांडला होता. माझ्यावरही तोच प्रयोग! उंब्रजपर्यंत मला हसू येत होतं. दुखायला लागलं ते खंबाटकीच्या घाटात.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. बेसिंगस्टोक म्हणजे गोल चौकांचं गाव. मी एवढ्या राउंडअबाउटना प्रदक्षिणा घातल्या की एखादा नवस फिटला असता. सुहास सकाळी बिझनेस पार्कला जायचा आणि मी केटलशी मराठीत बोलायचे. आठ महिन्यांनी केटल उत्तर देईल अशी भीती वाटायला लागली, तेव्हा मी लोकल पेपरमधली एक जाहिरात कापली. हॉस्पिटलच्या छातीविकारांच्या डिपार्टमेंटला ट्रेनी टेक्निशियन हवी होती. तीन दिवस हॉस्पिटल, दोन दिवस कॉलेज, सहा महिने प्रोबेशन. माझी झूऑलॉजीची बीएस्सी इतकी वर्षं ट्रंकेत झोपली होती. तिला गदागदा हलवून उठवलं.

कॉलेजात माझ्या बाकावर अठरा वर्षांच्या मुली. त्या मला आधी टीचर समजल्या, मग कँटीनवाली. फुप्फुसाची चित्रं काढणं, नळीत फुंकर मारून घेणं, हे सगळं मला जमलं. अडलं ते एका जागी, आणि ती जागा म्हणजे कान!

त्याचं असं. ज्यांची फुप्फुसं दमली आहेत त्यांना घरी ऑक्सिजन द्यायचा का, हे रक्तातल्या वायूंवरून ठरतं. आमच्याकडे ते रक्त कानाच्या पाळीतून घ्यायचे. आधी झोंबणारं मलम चोळायचं, पाळी लाल झाली की बारीक पात्याने टोचायचं, आणि थेंब केसासारख्या काचेच्या नळीत ओढायचा. हवेचा एक बुडबुडा शिरला की नमुना फुकट. सहा महिने संपायच्या आत वरिष्ठ टेक्निशियनसमोर हे बिनचूक करून दाखवायचं. नाही जमलं तर नोकरी गेली, कॉलेजची जागा गेली, आणि पुन्हा केटल.

सोनाराच्या मुलीला कान टोचायची परीक्षा! मी फोनवर सांगितलं तेव्हा अण्णा अर्धं मिनिट हसत होते.

पण इथे नियम असा, की टोचायच्या आधी सांगायचं. "शार्प स्क्रॅच" म्हणायचं, पेशंटने मान डोलावली की मगच हात चालवायचा. माझ्या वरिष्ठ मॉरीन. पन्नाशीच्या, खडूसारख्या ताठ. त्या खांद्याशी उभ्या राहिल्या की मी पोपटासारखी "शार्प स्क्रॅच" म्हणायचे, पेशंटची मान आखडायची, पाळी पळायची आणि माझा नेम चुकायचा. पहिल्या नळीत बुडबुडा. दुसऱ्या नळीत बुडबुडा. तिसऱ्या वेळी रक्तच आलं नाही.

चौथे आले मिस्टर व्हिटलॉक. सत्तरीचे निवृत्त लॉरी ड्रायव्हर. दोन वाक्यांमध्ये तीनदा श्वास घ्यायचे. मी मलम चोळत होते तेवढ्यात मॉरीनना फोन आला आणि त्या पडद्याबाहेर गेल्या. माझ्या अंगात अण्णा संचारले. मी पाळी चिमटीत धरली आणि विचारलं, "या वर्षी टोमॅटो कसे आहेत तुमचे?" कौन्सिलने त्यांना भाजी लावायला जमिनीचा तुकडा दिला होता, हे मी कागदपत्रं भरतानाच काढून घेतलं होतं. ते टोमॅटोवरच्या किडीला शिव्या द्यायला लागले, आणि टुच! नळी शेंदरी धाग्यासारखी भरली. एक बुडबुडा नाही. मला तर टाळ्या ऐकू आल्या.

मॉरीन परत आल्या, नळी उजेडात धरली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "ब्युटिफुल," त्या म्हणाल्या. तेवढ्यात व्हिटलॉकनी माझी तारीफ केली, आणि मला बुडवलं. "जादूगार आहे ही पोरगी! टोचणार असा एक शब्द बोलली नाही. टोचलं कधी कळलंच नाही!"

मॉरीननी मला कॉरिडॉरमध्ये नेलं.

"तू त्यांना विचारलंस?"

"त्यांना अजिबात दुखलं नाही," मी म्हणाले.

"मी ते विचारलं नाही."

मग माझ्या वडिलांचा धंदा सांगितला, मान कशी आखडते तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पुढच्या वेळी कुणी त्यांच्याशी प्रेमाने बोलायला लागलं, डिअर, तर त्यांना काय वाटेल?"

माझ्या डोळ्यांसमोर आमची गल्ली उभी राहिली. अण्णांनी रस्त्यात सहज "काय गं, जेवलीस का?" विचारलं, तरी कान झाकून पळणारी चिल्लीपिल्ली. लहानपणी मला त्यात फक्त गंमत दिसली होती.

फाइलमध्ये नोंद झाली, ती नळी परीक्षेत धरली नाही. सहा महिने संपत आले होते, एकच संधी उरली, तीन आठवड्यांनी. आणि पेशंट कोण? ऑक्सिजन ठरवायला तीन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने लागतात. मिस्टर व्हिटलॉक!

त्या दिवशी मी बसमध्ये दोन स्टॉप पुढे गेले आणि धावत मागे आले. मॉरीन खुर्चीत, हातात पेन. व्हिटलॉक आले, बसले, मी मलम चोळलं. आणि सवयीने जे तोंडात होतं तेच बाहेर पडलं. "टोमॅटो कसे आहेत?"

त्यांनी पंजाने कान झाकला. "अरे देवा! म्हणजे आता टोचणार!"

ते हसत होते, पण श्वास हसत नव्हता. खांदे वर, छाती भराभर. घाबरून असा श्वास चालला तर रक्तातले आकडे बदलतात. खोटा आकडा आला तर लागणारा ऑक्सिजन त्यांना मिळणार नाही. मलमाचा लालपणा काही मिनिटंच टिकतो. मॉरीननी घड्याळाकडे पाहिलं.

मी पातं ट्रेमध्ये ठेवलं. त्यांच्या मागे उभी होते, ती फिरून समोर येऊन बसले. "मागच्या वेळी तुम्हाला न सांगता टोचलं. ती माझी चूक होती. आज तुम्ही म्हणाल तेव्हाच."

ते काही बोलले नाहीत. मीही नाही. बायकांनो, गप्प बसणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम! मी मनात दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. पेनाचं टोपण उघडल्याचा टक् असा आवाज आला. मला वाटलं, झालं, संपलं सगळं.

त्यांचा श्वास खाली आला. हात कानावरून मांडीवर आला. "गो ऑन देन," ते म्हणाले.

मी मागे गेले. "शार्प स्क्रॅच."

त्यांनी एक अस्सल लॉरी ड्रायव्हरची शिवी हासडली, कारण या वेळी दुखलं. पण मान तसूभर हलली नाही. ती त्यांनी माझ्यासाठी स्थिर धरली होती. माझ्या हातालाही त्याचा आधार मिळाला. थेंब फुगला, नळीत चढत गेला, टोकापर्यंत गेला. मॉरीननी नळी उजेडात धरली, नको इतका वेळ धरली, आणि काही न बोलता सही केली. व्हिटलॉकना पुढे ऑक्सिजन मिळाला, आणि टोमॅटोची हकिगत त्यांनी जाताना आपणहून सांगितली.

मी घरी आले आणि तडक फोन कार्डावरचा नंबर खरवडून कराडला फोन लावला. अण्णा म्हणाले, "सांगून टोचलंस? आणि गिऱ्हाईक बसून राहिलं?"

"बसून राहिलं, अण्णा. मान धरून."

कार्डाची मिनिटं चालली होती.

"मग ऐक," ते म्हणाले. "माझा उजवा हात वर्षभर थरथरतोय. दिवाळीपासून मी एकही कान टोचलेला नाही. तुझ्या आईला माहीत आहे, भावाला माहीत आहे. तुला लांब काळजी नको म्हणून बोललो नाही."

म्हणजे मी दर रविवारी दुकानाची चौकशी करत होते, आणि ते मला पाऊसपाणी सांगत होते! मला राग आला, रडू आलं. तरी त्या वेळी मी फोन घट्ट धरून होते आणि कुठेही पळाले नाही. "आता सगळं सांगा," मी म्हणाले. त्यांनी डॉक्टर, गोळ्या, दुकानाला लावायचं कुलूप, सगळं सांगितलं. कार्ड संपेपर्यंत.

तिकडे राहिलेल्यांनो, तुम्ही आमच्यापासून फार लपवता. आणि इकडे आलेल्यांनो, आपण काय कमी लपवतो? मीही आठ महिने केटलशी बोलत होते आणि फोनवर सांगत होते, मजेत आहे. त्या फोननंतर आम्ही ठरवलं, जे आहे ते बोलायचं. तेव्हापासून माझी झोप कमी झाली आहे, अण्णांच्या बीपीचे आकडे पाठ झाले आहेत, आणि कराड पूर्वीपेक्षा जवळ आलं आहे. घर कुठलं असं कुणी विचारलं, तर मला ती पुढची खोली आठवत नाही, हा फोन आठवतो.

आईने मात्र हा नियम जरा जास्तच मनावर घेतला आहे. फोन लागला की तिचं पहिलं वाक्य, "तू आधी बस बघू." मग कळतं की कुकरची शिटी हरवली आहे, किंवा शेजारच्या मांजरीला चौथ्यांदा पिल्लं झाली आहेत.

मी दर वेळी बसते.