म्हातारचळ नव्हे

चिखल्याहून निघालो त्या सकाळी गाडी दारात उभी आणि आमचे हे वाडीत, कच्चे चिकू तोडून खिशात कोंबतायत. दीर सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, भाऊला म्हातारचळ लागलाय. जपा, नाहीतर 'विमान थांबवा, मला उतरायचंय' म्हणेल!" सगळे हसले. हेही हसले. मी नाही हसले, बायांनो. म्हातारचळ म्हटलं की माणूस चावट ठरतो, मुद्दाम करतो असं वाटतं. माझ्या नवऱ्याला तसं कुणी म्हणू नये, एवढंच मला हवं होतं.

आता कॅनडात लेकीकडे, कविताकडे राहतो. तिकडे पहाटे सडा घालायचे, इकडे हीटर वाढवते आणि कचरा तीन डब्यांत वेगळा करते. शिकले हो!

कविताचं काम मात्र कळायला वेळ लागला. मेंदूत विसराळूपणाच्या आजाराच्या गुठळ्या होतात, त्यांनाच जाऊन चिकटेल असं किरणोत्सारी औषध ती बनवते. औषध म्हणायचं, पण ते बरं करत नाही, दाखवतं. शिरेतून दिलं की मशीनमध्ये त्या जागा उजळतात. किती औषधं मेंदूच्या दाराशीच अडली, किती भलतीकडेच चिकटली! वर्षानुवर्षं पोरीने हार मानली नाही. आणि घाई केवढी! म्हणाली, "आई, आपल्या खजुरीच्या नीरेसारखं आहे हे. ऊन चढलं की नीरा उरत नाही ना? हेही दोनेक तासांत निम्मं होतं. सकाळी बनवायचं, लगेच द्यायचं."

यांची तपासणी झाली तेव्हा औषध तिनेच बनवलं. चित्र वाचायला मात्र दुसरे डॉक्टर. ती बाहेर माझा हात धरून बसली, लहानपणी जत्रेत धरायची तसा. आठवणीच्या चाचण्या आणि ते चित्र, दोन्ही मिळून डॉक्टरांनी सांगितलं, हाच आजार. कविता रडली. मीही रडले, पण छातीवरचा दगड उतरला.

दिरांना व्हिडिओ कॉलवर चित्र दाखवलं. "हे बघा भावोजी. चळ नाही, आजार आहे." मग म्हणाले, "भाऊला द्या जरा." आणि दोघं भाऊ लहानपणी समुद्रावर खेकडे धरायचे त्याच्या गप्पा मारत बसले. यांना ते सगळं लख्ख आठवत होतं!

रोज संध्याकाळी हे म्हणतात, "चल गं, घरी जाऊ." आधी मी वाद घालायचे, हेच आपलं घर म्हणून. आता यांना कोट चढवते, बूट घालते, बिल्डिंगला एक फेरी मारून त्याच दारात आणते. चावी फिरवली की यांचा चेहरा खुलतो. "आलो बाई एकदाचे," म्हणतात. मीही म्हणते, "आलो."