बापाच्या चौथऱ्यावर परकं नाव

जवाचं पीठ अर्धंच मळून झालं होतं, तेवढ्यात शेजारची मेलित्ता दारातूनच ओरडली, "निकासोकाकू, पाथरवट तुमच्या बाबांचं नाव खोडतायत की हो!"

निकासो पीठ तसंच टाकून बंदराकडे धावली.

ऱ्होड्स बेटाच्या धक्क्यावर तिच्या बापाचा, फिलिनोसचा, काशाचा पुतळा होता. वादळात बुडत्या गलबतावरची माणसं काढताना तो गेला, प्रेतही हाती लागलं नाही. थडगं नाही, म्हणून लेक दर सूर्योत्सवाला इथेच तेल ओतायची, हार घालायची नि त्याला नावाने हाक मारायची. हाक मारली नाही तर मेलेल्याला काही पोचत नाही, असं तिची आई सांगायची.

चौथऱ्यावर आता रोमच्या सुभेदाराचं नाव होतं. खाली दगडाची पांढरी भुकटी पडली होती. नगरसभेत बसणारा तिचाच मुलगा, दामोन, देखरेखीला उभा होता.

"अरे, तुझा आजोबा ना हा?"

"आई, इथे तमाशा नको. उद्या सुभेदार येतोय, नवा पुतळा ओतायला वेळ कुठाय? सगळ्यांचेच जुने पुतळे असे नाव बदलून देतायत. चेहरा तर तोच ठेवलाय ना?"

"तो तरी कशाला ठेवलास? तोही खरवडून टाकायचास!"

"हळू बोल गं!"

दुसऱ्या दिवशी सूर्योत्सव होता; ती हार घेऊन गेलीच. तेल ओतलं, हार चढवला, ओठांतल्या ओठांत म्हणाली, "बाबा, फिलिनोस, घ्या." डोळे भरून आले. नेमका तेव्हाच सुभेदार पालखीतून उतरला.

दामोन लगबगीने पुढे झाला. "पाहा महाराज, माझी आई! तुमच्यावर केवढी भक्ती!"

सुभेदार गहिवरला. आपण इथे आहोत तोवर रोज हिच्याच हातचा हार हवा, म्हणाला. आणि हार घालताना तिने सुभेदाराचं नाव मोठ्याने घ्यावं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"आई, घराण्याचं नाव झालं," दामोन कुजबुजला.

"कुठल्या घराण्याचं रे?"

तो हसला. मोठ्याने खरं बोलावं, तर लेकाची नगरसभेतली जागा जाईल; म्हणून तिने होकाराची मान हलवली. देवाने तोंड दिलं ते बापासमोर परकं नाव घ्यायलाच का, असं मात्र तिला वाटून गेलं.

घरी परातीतलं कालचं पीठ आंबून कडक झालं होतं. तिने ते शेळीपुढे टाकलं, टोपली घेतली आणि उद्याच्या हारासाठी ऑलिव्हच्या डहाळ्या आणायला टेकडीकडे निघाली.